चाहूल लागल्यावर

१० सप्टेंबर, मंगळवार

मेघानं आम्हाला एकेक वही दिली. शेतावर, माळावर जे दिसेल, जे ऐकू येईल तेवढंच तिच्यात लिहायचं, आपलं मत घालायचं नाही. ती वही मी बॅगेत टाकली. ही दुसरी. हिच्यात माझं मतच असणार आहे.

मी इलेक्ट्रॉनिक्सचा माणूस. वाळूजच्या एका कंपनीत बरीच वर्षं सेन्सर तपासत बसलो, मग नोकरी सोडून ‘चाहूल’ बनवायला घेतली. चाहूल म्हणजे काडेपेटीहून थोडी मोठी डबी, गळ्यात अडकवायची. लांब कुठं वीज चमकली की जुन्या रेडिओत खरखर यायची ना, तीच खरखर ही ऐकते आणि वीज जवळ सरकत असली की कर्कश शिट्टी मारते. मोबाईल लागत नाही, रेंज लागत नाही. कधी वाजली ती वेळ डबीतच नोंदली जाते. दर वर्षी परतीच्या पावसात आमच्या भागात रानात वीज पडून माणसं जातात. मेंढरं राखणारी तर दिवसभर उघड्यावरच असतात. त्यांच्यासाठी ही डबी.

पैसा मुंबईच्या एका संस्थेचा. त्यांची अट अशी की एकट्यानं काम करायचं नाही, टीम हवी आणि ‘डिझाइन थिंकिंग’ची, म्हणजे आधी माणसं बघायची आणि मग वस्तू करायची, अशी पद्धत हवी. म्हणून मेघा आली. पुण्यात तेच शिकलेली, कागदावर टीमची प्रमुख. तिसरा प्रणय, पैठणचा, डबीतला प्रोग्राम त्याचा. फार बोलत नाही. चिकलठाण्याच्या एमआयडीसीत आमचा गाळा आहे. त्याची एक भिंत मेघानं पिवळ्या-गुलाबी चिठ्ठ्यांनी भरून टाकली आहे आणि सगळ्यांत वर लिहिलंय, ‘आपण नक्की कोणता प्रश्न सोडवतोय?’

मी म्हणालो, प्रश्न सुटलाय, टेबलावर ठेवलाय.

“डबी हे उत्तर आहे, भूषण,” ती म्हणाली. “प्रश्न मला अजून कळलेला नाही.”

अशी वाक्यं बोलायला शिकवत असतील तिथं.

१४ सप्टेंबर, शनिवार

देवगाव रंगारीला गेलो. गावापासून बरंच आत, डोंगराच्या पायथ्याला माळ आहे. तिथं बानाबाई आणि त्यांचे मालक कारभारीकाका मेंढरं चारतात. सोबत त्यांची लेक शालू. ती बारावी झाली आहे, नर्सिंगला नंबर लागायची वाट बघते.

मी डबी दाखवली, वाजवून दाखवली. मेंढरं बिचकली. बानाबाईंनी ती उलटीपालटी करून पाहिली.

“वाजली की काय करायचं?”

“सुरक्षित जागी जायचं, मावशी.”

“बरं,” म्हणाल्या, आणि सरळ गळ्यात घातली. एकही शंका नाही. मेघा उगाच म्हणते की लोकांना नवी वस्तू गळी उतरवायला वेळ लागतो.

कारभारीकाकांनी त्यांची डबी म्होरक्या मेंढ्याच्या गळ्यात बांधायची परवानगी मागितली. कारण तो पळाला की सगळे पळतात. मी नाही म्हणालो. मेघानं ते तिच्या वहीत लिहून घेतलं. कशाला, देव जाणे.

आजूबाजूच्या वस्त्यांवरही डब्या वाटल्या. ढग आले म्हणून गाडीत येऊन बसलो, जरा गडगडलं, पाऊस काही झाला नाही.

१९ सप्टेंबर, गुरुवार

ट्रॅक्टर सुरू केला की डबी वाजते. प्रणयनं प्रोग्राम बदलला, आता वाजत नाही. पण बदलताना आपण खरी वीजही वगळत तर नाही ना, हे कसं कळणार? तो म्हणतो, “कळणार नाही, दादा. वीज पडल्यावरच कळेल.” त्याचं हे असं. धीर देणारं एक वाक्य या पोराकडं नाही.

गुलमंडीवरून डबीसाठी गोफ आणले. आधीच्या नायलॉनच्या दोरीनं मानेला घाम येऊन चिघळतं, अशी तक्रार होती.

जेवताना आईला डबी दाखवली. माझी आई गोजरबाई, लग्नाआधी कन्नडकडं रोजानं निंदायला, कापूस वेचायला जायची. ती म्हणाली, “आमच्या टायमाला आभाळ गरजलं की आम्ही सगळ्या मालकाच्या कोठ्याकडं पळायचो. बैल आत असायचे. आम्हाला कवाडाच्या बाहेर उभं ऱ्हावं लागायचं. पत्र्याचं पाणी अंगावर.”

मी म्हणालो, आता ही असती तर आधी कळलं असतं.

“आम्हाला कळत नव्हतं का?” ती म्हणाली आणि भाजी वाढायला लागली. आईला यंत्राची गोष्ट सांगायला गेलं की ती आपली जुनी गोष्ट सांगते.

२३ सप्टेंबर, सोमवार

काल दुपारी त्या पट्ट्यात जोरदार वादळ झालं. आज फोन करून विचारलं, जवळपास सगळ्या डब्या वाजल्या आणि वीज डोक्यावर यायच्या पुष्कळ आधी वाजल्या. मी गाळ्यात सगळ्यांना चहा पाजला. समोरच्या फॅब्रिकेशनवाल्यालाही.

मेघानं चहा घेतला आणि विचारलं, “मधल्या वेळात लोकांनी काय केलं?”

मी म्हणालो, तो आपला विषय नाही. आपलं काम सांगायचं.

तरी ती प्रणयला घेऊन गेली. संध्याकाळी परत येऊन भिंतीवर नव्या चिठ्ठ्या डकवल्या. दोघी बायका बाभळीखाली जाऊन थांबल्या. कडूबा नावाच्या मेंढपाळानं आवाज सहन होईना म्हणून डबी धोतराच्या ओच्यात गुंडाळली. एकजण नुसताच उभा राहिला.

प्रणय म्हणाला, “दादा, शिट्टी झाल्यावर लोक इकडंतिकडं बघतात.”

“मग?”

“बघतच राहतात.”

माणसं झाडाखाली जात असतील तर तो डबीचा दोष नाही. चित्राचं कार्ड छापून द्या, असं मी म्हणालो. मेघाला ते पटलं. पहिल्यांदाच आमचं एकमत झालं. झाडावर लाल फुली, विजेच्या खांबावर लाल फुली, घरावर हिरवी खूण. कार्ड तिनंच काढलं आणि छान काढलं.

३० सप्टेंबर, सोमवार

शालूवर वीज पडली.

दुपारी कडूबाचा फोन प्रणयला आला. आम्ही दवाखान्यात पोचलो तोवर तिला शहरात आणलं होतं. शुद्धीवर आहे. डाव्या खांद्यापासून कमरेपर्यंत भाजलं आहे, कानातून रक्त आलं. डॉक्टर म्हणाले, वीज थेट अंगावर पडलेली नाही, शेजारी पडली, नाहीतर पोरगी राहिली नसती.

बानाबाई व्हरांड्यात फरशीवर बसल्या होत्या. डबी अजून गळ्यात होती.

मी विचारलं, “मावशी, वाजली होती का?”

“वाजली की.”

इथं खरं लिहितो. मला सुटल्यासारखं वाटलं. कारभारीकाका भिंतीला टेकून उभे होते, त्यांना मी म्हणालो, “म्हणजे यंत्र वेळेवर वाजलं होतं.”

बानाबाई बोलल्या, माझ्याकडं न बघता. “आम्ही वढ्यात बसलो होतो, खाली. भाकर खात होतो. वाजली म्हणून उठलो. मेंढरं गोळा केली, वर काढली, घराकडं निघालो. माळाच्या मधी आलो अन् पोरीवर पडली.”

“झाडाजवळ होतात का?”

“नाय. कार्डावर झाडाला फुली हाय ना. झाडापासून लांबच चाललो.”

मेघा एकदम उठून बाहेर गेली. तिला दवाखान्याचा वास सहन होत नसावा. डबीतली नोंद पाहायला मिळावी म्हणून मी बानाबाईंकडं डबी मागितली. प्रणयनं माझं मनगट धरलं. “दादा, आत्ता नको.” मला त्याचा राग आला, नोंद पुसली गेली तर पुन्हा मिळणार नाही, हे त्याला कळायला हवं होतं.

२ ऑक्टोबर, बुधवार

सुट्टी. गाळ्यात एकटाच होतो. डबी मिळाली, नोंद वाचली. इशारा भरपूर आधी गेलेला आहे. आजवरचा आमचा सगळ्यात चांगला निकाल म्हणावा लागेल.

हे वाक्य लिहून बराच वेळ बघत बसलो. चूक सापडत नाही, आणि तरी ते कुणाला वाचून दाखवावंसं वाटत नाही.

वढ्यात बसले होते. वढा खोलगट. तिथं बसून राहिले असते तर?

४ ऑक्टोबर, शुक्रवार

प्रणयनं मला न विचारता देवगावला जाऊन डब्या परत आणल्या. गाळ्यात खोकं ठेवलं आणि हात बांधून उभा राहिला. मी नको ते बोललो. गद्दार म्हणालो. दोन वर्षांची मेहनत तू एका दुपारी गोळा करून आणलीस, म्हणालो.

तो म्हणाला, “दादा, शालू वाचली. दुसरी वाचेलच असं नाही.”

“म्हणजे इशारा न मिळणं चांगलं?”

“मला माहीत नाही. तुम्हालाही माहीत नाही. मग माणसांच्या गळ्यात काहून बांधायची?”

मेघा मध्ये पडली. तिचं म्हणणं, काही दिवस डब्या बंद ठेवू आणि पहिल्यापासून बघू. माझ्याविरुद्ध दोन मतं झाली. त्यातही कडूबानं डबी परत दिलीच नाही, ती असली की बरं वाटतं म्हणाला. मला थोडं समाधान वाटलं आणि लगेच लाजही.

५ ऑक्टोबर, शनिवार

संस्थेच्या रेगेंचा फोन. मेघानं स्पीकर लावला. रेगे हळहळले, मुलीच्या उपचाराचं विचारलं. मग म्हणाले, “हे बघा, वाईट झालं, पण तुमचं यंत्र तर चाललं ना? माणसांकडून चूक झाली. महिनाअखेरीला आढावा आहे, तिथं तसं मांडा. तंत्र सिद्ध झालं म्हणा.”

मी मनात म्हणत होतो तेच ते बोलत होते. दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना ते घाण वाटलं.

मेघा म्हणाली, “सर, डब्या वाटायचा निर्णय माझा होता आणि कार्डही माझं. चूक लोकांची नाही. जे काय विचारायचं ते मला विचारा.”

कुठंही गेलं तरी आपलं नाव पुढं. पण फोन ठेवल्यावर ती भिंतीकडं तोंड करून बराच वेळ उभी होती, चिठ्ठ्या वाचत असावी.

७ ऑक्टोबर, सोमवार

आज जे झालं ते नीट लिहून ठेवायला हवं.

सकाळच्या एसटीनं एकटाच देवगावला गेलो. डबी घेतली नाही. शालू घरी आली आहे, खाटेवर होती. तिला एका कानानं ऐकू येत नाही. तिनंच विचारलं, “सर, तुमी चहा घेतला का?” बानाबाई मेंढरं सोडत होत्या. मी सोबत येऊ का विचारलं. “या की,” म्हणाल्या. रागावतील असं वाटलं होतं, पण त्यांना मेंढरांच्या मागं जायची घाई होती.

दिवसभर चाललो. मका काढलेल्या वावरांतून, मग माळावर. दुपारनंतर डोंगराच्या मागून ढग चढायला लागला. आधी राखाडी, मग बुडाशी काळानिळा. वारा थांबला. मेंढरं डोकी एकमेकांच्या पोटाखाली घालून एका जागी थिजली. आणि पहिला गडगडाट झाला.

मला विजेबद्दल जेवढं माहीत आहे तेवढं त्या माळावर कुणाला नसेल. ती कशी साठते, कुठून उतरते, कोणत्या कंपनांवर तिचा आवाज पकडायचा. मी उभ्या जागी गोल फिरलो. समोर माळ. डाव्या हाताला बाभळी. मागं विजेचे खांब. गाव डोंगराच्या वळणापलीकडं, दिसतही नव्हतं. वढा आम्ही कधीच मागं टाकला होता. मला पळायचं होतं आणि पळायला दिशा नव्हती.

“मावशी, कुठं जायचं?” मी विचारलं.

“मी काय सांगू?” बानाबाई म्हणाल्या. त्याही घाबरल्या होत्या. लेकीला जिथं लागलं ती जागा तिथून दिसत होती. “दर टायमाला मला बी वाटतं इकडं जावं, तिकडं जावं. कधी झाडाखाली गेले, कधी नाय गेले. आजवर निभावलं.”

आम्ही उकिडवे बसलो. बानाबाई मेंढरांच्या कडेला, मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर. एकदा सगळं पांढरं झालं आणि आवाज छातीत शिरला. मी डोळे मिटून आईला हाक मारली. मोठ्यानं मारली असणार, कारण बानाबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

ढग उत्तरेला सरकला. पाऊस चार थेंब. चड्डीत मूत झालं होतं, हेही लिहून ठेवतो.

येताना एसटीत खिडकीला डोकं लावून बसलो होतो. आज गळ्यात डबी असती तर काय वेगळं झालं असतं? भीती थोडी आधी सुरू झाली असती, एवढंच.

८ ऑक्टोबर, मंगळवार

दोघांना सगळं सांगितलं, मुतल्याचं सोडून. प्रणयला गद्दार म्हणालो त्याची माफी मागितली. तो म्हणाला, “असू द्या,” आणि टेबलाखाली काहीतरी शोधायला लागला.

मेघानं माझ्यापुढं चिठ्ठ्यांची गड्डी सरकवली. मी लिहिलं, ‘माळावरच्या माणसानं जायचं कुठं?’ तिनं वरचा जुना कागद काढला आणि तिथं हा लावला.

मग आम्ही डोकं खाजवत बसलो. सिमेंटची खोली बांधावी? जागा कुणाची, परवानगी कुणाची, आणि मेंढरं काय एका जागी चरतात? गावातली शाळा? लांब. खड्डे खणावेत? पाणी भरतं. मेघा प्रत्येक कल्पना लिहून घेत होती, अगदी टुकारसुद्धा. पूर्वी याचा मला वैताग यायचा. आज वाटलं, निदान कुणी कुणाला गप्प करत नाही.

मग प्रणय म्हणाला, “आपण कुठं जातो?”

“म्हणजे?”

“वीज चमकायला लागली की आपण तिघं. आजवर दर वेळी.”

आम्ही गाडीत जाऊन बसतो. काचा वर करतो. मी तर एकदा तिथं बसून बानाबाईंना हात केला होता.

लोखंडी पत्र्याच्या गाडीवर वीज पडली तर ती पत्र्यावरून बाहेरच्या बाहेर जमिनीत जाते, आतल्या माणसाला सहसा धक्का लागत नाही. कॉलेजात पहिल्या वर्षी शिकवतात.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

हनीफभाईंकडं भंगारात स्कूलव्हॅन, टेम्पोंच्या बॉड्या पडलेल्या आहेत. चाकं नाहीत, इंजिन नाही, नुसते सांगाडे. आम्ही एक निवडली. त्यांनी विचारलं, “इंजिन नको, टायर नको, फिर क्या मुर्गियां पालते क्या?” मी सांगितलं. त्यांनी छतावर हात मारून पाहिला, म्हणाले, “छत का पत्रा गलेला है इसका. वो पिछेवाली लेके जाओ, मजबूत है.”

आईनं दुपारी फोन केला, उद्या धम्मचक्र प्रवर्तन दिन, लेणीवर येतोस ना. येतो म्हणालो. पण समोरचा फॅब्रिकेशनवाला उद्याच वेल्डिंग करून देतो म्हणतोय. काचा काढून तिथं जाळी, जमिनीत उतरणाऱ्या तांब्याच्या पट्ट्या, आत लाकडी फळ्या आणि रबर, बसणाऱ्याचं अंग पत्र्याला टेकू नये म्हणून.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

कालपासून बॉडी माळावर उभी आहे. कडूबाच्या भावाची पडीक जागा, तो नाही म्हणाला नाही. दिसायला अगदी भंगार. मेघा म्हणाली, असंच राहू दे, चांगलं दिसलं की लोक बदल सुचवायला लाजतात.

आभाळ स्वच्छ होतं. लोकांना जमवून मी हातानं डबीची शिट्टी वाजवली. काय करता ते करा, म्हणालो.

एकही माणूस आत गेला नाही. सगळे आपापल्या मेंढरांकडं पळाले.

“मावशी, आत या.”

“अन् मेंढरं?”

“ती बाहेर राहतील.”

“मग मी बी बाहेर.” बानाबाई शांतपणे म्हणाल्या. “मला आत बसवता, अन् माझी मेंढरं डोंगराला पळाली तर लांडगा खाईल का तुमी आणून द्याल?”

मी वाद घालणार होतो. मेघानं विचारलं, “मावशी, ती पळू नयेत म्हणून काय करता येईल?” यावर मात्र सगळे एकदम बोलायला लागले. रात्री मेंढरं ज्या जाळीत कोंडतात ती जाळी खालच्या घळीत आधीच ठोकून ठेवावी. कुणी म्हणालं, माणसाला घळ दिसली पाहिजे. म्हणून दुपारी बॉडी ढकलून फिरवली, तिचं तोंड घळीकडं केलं. पट्ट्या पुन्हा पुरल्या. प्रणयनं सुचवलं की डबी दोनदा वाजावी. पहिल्यांदा हळू, म्हणजे मेंढरं घळीत घाला. नंतर जोरात, म्हणजे हातातलं टाका आणि आत या. मधे पुरेसा वेळ मिळेल का, तो म्हणतो माहीत नाही. मीही म्हणालो, माहीत नाही. हे शब्द तोंडातून निघायला आता तेवढा त्रास होत नाही.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

आज मोठी वीज पडली. मी तिथं होतो.

दुपारी मी आणि मेघा पट्ट्या तपासायला गेलो होतो. नव्या प्रोग्रामच्या डब्या कालच पुन्हा वाटल्या होत्या. बानाबाईंची डबी हळू वाजली. बानाबाई आणि कारभारीकाकांनी मेंढरं घळीकडं वळवली. आम्हीही हाकायला लागलो. बरीचशी जाळीत गेली, काही मागं राहिली. तेवढ्यात जोरात वाजली. पहिल्या शिट्टीनंतर फार लवकर वाजली. कारभारीकाका आत आले, कडूबाची सून आणि आणखी दोघं आली. बानाबाई मागं राहिलेल्यांच्या पाठी होत्या.

मी हाका मारल्या. मेघा उतरून पळाली, तिच्या मागं मी. दोघांनी बानाबाईंना दंडाला धरून अक्षरशः ओढत आणलं. त्यांनी आम्हाला ज्या शिव्या दिल्या त्या मी पूर्वी ऐकल्या नव्हत्या. आत ढकलून जाळीचं दार ओढून घेतलं.

आत फळ्यांवर पाय पोटाशी घेऊन बसलो. पाऊस पत्र्यावर असा की बोललेलं ऐकू येईना. बानाबाई जाळीतून बाहेर बघत होत्या. मागं राहिलेली मेंढरं एका बाभळीला चिकटून उभी होती, अगदी समोर. त्या एकदम उठल्या आणि दाराला हात घातला. मी त्यांच्या कमरेला मिठी मारली. त्यांनी माझ्या हाताला चावा घेतला. मी सोडलं नाही.

मग ती पडली. बाभळीवर. प्रकाश आणि आवाज एकाच वेळी. जळाल्याचा, गंधकासारखा वास. डोळ्यांपुढं बराच वेळ हिरवं.

दिसायला लागलं तेव्हा बाभूळ उभी चिरली होती आणि तिच्या बुडाशी मेंढरं आडवी होती. घळीतली ओरडत होती, म्हणजे जिवंत होती.

बानाबाई रडल्या नाहीत. डबी शांत झाल्यावर मी दार उघडलं, तर त्या बाभळीकडं गेल्या आणि एकेका मेंढराच्या तोंडावरून हात फिरवत राहिल्या. त्यांना नावं होती. मी जवळ जाऊन म्हणालो, “मावशी, माफ करा.”

त्या माझ्याकडं न बघता म्हणाल्या, “जा तुमी आता.”

चिखलातून गाडीकडं चाललो. कारभारीकाका सोबत रस्त्यापर्यंत आले. मेघा रडत होती. ते तिला म्हणाले, “ताई, तिचं मनाला घेऊ नका. मेंढरं तिनं हातानं वाढवलीत.” मग जरा वेळानं, “आमचं घरचं वावर पल्याडच्या अंगाला हाय. तिकडं बी आसंच एक ठिवता येईल का?”

हातावर दातांचे व्रण आहेत. आईनं हळद लावून दिली. काय झालं ते तिनं विचारलं नाही, मी सांगितलं मात्र सगळं. मुतल्याचंही.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

आढावा झाला, रेल्वे स्टेशनजवळच्या हॉटेलात. रेगे आणि आणखी तिघं. मेघानं सुरुवात केली, मग मला बोलावलं. मी शालूपासून सुरू केलं. डबी वेळेवर वाजली होती, कार्ड बरोबर होतं आणि त्या दोन्हींमुळं मुलगी उघड्या माळावर आली, असं सांगितलं. मग बॉडी, घळ, जाळी, बाभळीखाली मेलेली मेंढरं. हेही सांगितलं की एका वादळावरून काही सिद्ध होत नाही.

त्यांच्यातले एक म्हणाले, “पण यात नवीन काय आहे? भंगारातली गाडीच ना ही?”

“हो,” मी म्हणालो.

“मग आम्ही नेमकं कशाला साहाय्य करायचं?”

मेघा म्हणाली, “आम्ही चुकत गेलो तशी ती तिथं उभी राहिली, सर. पुढंही चुकणार आहोत. त्यालाच करायचं.”

रेगे हसले. कळवतो म्हणाले. मला नाही वाटत कळवतील. प्रणयला तसंच वाटतं. मेघाला विचारलं नाही.

खाली पार्किंगमध्ये उभे होतो तेव्हा शालूचा फोन आला. मागं बायकांचा गलबला आणि पत्र्यावरचा पाऊस. ती ओरडून बोलत होती, हल्ली तसंच बोलते. माळावर पुन्हा आभाळ आलं होतं. डबी वाजली. मेंढरं घळीत गेली. शेजारच्या वावरात कापूस वेचणाऱ्या बायका होत्या, त्यांच्याकडं डबी नव्हती, पण मेंढपाळ पळताना बघून त्याही आल्या. आत जागा पुरली नाही. “एकीच्या मांडीवर एक बसलो, सर. तरी दोघी दाराच्या बाहेरच राहिल्या. आईनं एकीला पदराला धरून आत ओढली अन् आपण फळीवरून उठून हुबी राहिली.”

“अन् दुसरी?” मी विचारलं.

“काय?”

“शालू, दुसरी बाई. आत आली का?”

“ऐकू येईना, सर.”

मेघा आणि प्रणय माझ्या तोंडाकडं बघत होते. मी भर पार्किंगमध्ये जमेल तेवढ्या मोठ्यानं विचारलं. पलीकडं खरखर, मग तिनं बहुतेक फोन दुसऱ्या कानाला लावला.

“आली की,” शालू म्हणाली. “शेवटी आईच्या जाग्यावर बसली. आई दारात हाय, पण दाराच्या आतून.”